बॅसिट्रासिनच्या डब्यातलं औषध

केजजवळच्या युसूफ वडगाव या गावात म्हैस चरेनाशी झाली, शेळी फुगली किंवा कोंबड्यांना मर लागली की माणसं आधी कल्याणआप्पांच्या दुकानात यायची आणि मग जमलं तर डॉक्टरकडे जायची. जनावरांच्या औषधांचं ते दुकान आप्पांनी पंचवीस वर्षं चालवलं होतं. शिक्षण बारावीपर्यंतचंच, पण हात असा बसलेला की कोंबडीची विष्ठा काडीनं पसरून बघायचे आणि सांगायचे, ही आतड्याची, ही पाण्याची, ही नुसती उन्हाची. बहुतेक वेळा ते खरंच निघायचं. लोकांचा विश्वास होता आणि आप्पांनाही त्याची सवय झाली होती. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचे, विभूती लावून दुकान उघडायचे. 'आपल्या हाताला गुण आहे' असं ते कधी तोंडानं म्हणाले नाहीत, पण मनात तेच होतं.

वडगावच्या शिवारात तेव्हा कोंबड्यांची बारा शेडं उभी राहिली होती. त्यातलं एक अर्जुनरावांचं. म्हणायला अर्जुनरावांचं, करणार सगळं त्यांची बायको वनमाला. तिचं माहेर शिरूर कासारचं. लहानपणची निम्मी वर्षं तिनं आईबापांबरोबर कारखान्यावर, उसाच्या फडात काढलेली. शेडवर पत्रे चढले त्या दिवशी तिनं आप्पांच्या बायकोला, महादेवीला, हात धरून आत नेलं आणि म्हणाली होती, की आता माझ्या घरातलं कुणी कोयता धरणार नाही.

अर्जुनराव आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, म्हणून आप्पा तिला वैनी म्हणायचे.

वनमालाच्या शेडसाठी आप्पा दोन औषधं द्यायचे. एक बॅसिट्रासिन, दुसरं कॉलिस्टिन. दोन्ही एक-एक किलोच्या डब्यात यायची, दोन्ही खाद्यात कालवायची. आप्पांच्या लेखी हिशेब सोपा होता. बॅसिट्रासिन सौम्य, रोजचं. कॉलिस्टिन जालीम. पिल्लं पाण्यासारखं हगायला लागली, पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागली की कॉलिस्टिन. त्याच्यापलीकडे त्यांनी कधी विचार केला नव्हता आणि कंपनीच्या माणसानंही कधी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते लेकीनं. शिवकन्या लातूरला फार्मसी शिकत होती. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात सुट्टीला आली तेव्हा दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, दुकानात बसून डब्यांवरचं बारीक अक्षर वाचायची आणि बापाला समजावून द्यायची. आप्पांना त्याचं फार कौतुक. पायावर पाय टाकून ऐकत बसायचे.

तिनं सांगितलं, की ही दोन्ही औषधं एकाच जातीची, पेप्टाइड म्हणतात त्यातली. डाळीत, दुधात जे प्रथिन असतं त्याच्याच बारक्या कड्या जोडून झालेली. आणि दोन्ही जंतूंनीच बनवलेली, जंतूंना मारायला. बॅसिट्रासिन पहिल्यांदा एका अपघात झालेल्या मुलीच्या जखमेतल्या जंतूत सापडलं. तिचं आडनाव ट्रेसी, म्हणून नावात ते ट्रेसी आलं. कॉलिस्टिन सापडलं जपानच्या मातीत.

"मग भाऊ-भाऊच की," आप्पा म्हणाले होते.

"भाऊ, पण काम वेगळं," शिवकन्या म्हणाली. जंतूंचे दोन मोठे गट. बॅसिट्रासिन एका गटाची भिंत बांधू देत नाही. दुसऱ्या गटाला ते लागूच पडत नाही, कारण त्यांच्यावर आणखी एक वरचं आवरण असतं. कॉलिस्टिन नेमकं तेच आवरण फाडतं. हगवणीचे, लघवीचे, रक्तात विष पसरवणारे बरेच जंतू त्या दुसऱ्या गटातले. आणि दोन्ही औषधं माणसाच्या मूत्रपिंडाला वाईट. म्हणून बॅसिट्रासिन माणसाच्या शरीरात द्यायचं जवळजवळ सोडून दिलं, ते आता कातडीवरच. जखमेवर भुरभुरायच्या पावडरीत असतं ते हेच. कॉलिस्टिनही असंच बाजूला ठेवलं होतं. पण बाकीची औषधं एकेक करून हरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी ते परत कपाटातून काढलं. अतिदक्षता विभागात कशानंच गुण येईना की शेवटी ते शिरेतून देतात, मूत्रपिंडाचा धोका पत्करून.

"आणि आपण ते कोंबड्यांच्या खाद्यात कालवतो, आप्पा," ती म्हणाली. "रोज थोडं-थोडं खाऊन जंतू त्याला सरावतात. आणि ती सवय एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. उद्या माणसाला द्यायची वेळ आली तर ते चालणार नाही."

आप्पांनी मान डोलावली होती. पटलंही होतं. त्याच पावसाळ्यात सरकारनं कॉलिस्टिन कोंबड्यांना, जनावरांना द्यायला बंदी घातली, तेव्हा लेकीच्या हुशारीचा त्यांना अभिमानच वाटला.

पण मागच्या खोलीत कॉलिस्टिनचे चाळीस डबे पडून होते.

कंपनी परत घेईना. फेकून द्यायला हात होईना. चांगलं औषध, सीलबंद, अजून दोन वर्षं मुदतीचं. आप्पांनी आठ दिवस त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात वनमालाच्या शेडला मर लागली. पंधराव्या दिवसाची पिल्लं, रोज तीस-चाळीस मरायची. वनमाला ती टोपलीत घालून बांधावर पुरायला न्यायची. आप्पांनी बॅसिट्रासिन दिलं, काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. का ते आता त्यांना लेकीमुळं माहीत होतं. अर्जुनराव दुकानात येऊन नुसते बाकावर बसून राहिले. ती म्हणती शेड विकून टाकू, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मागच्या खोलीचं दार लावलं. बॅसिट्रासिनचे रिकामे डबे धुऊन वाळवून ठेवलेले होते, महादेवी त्यात डाळी भरायची. त्यातले काही घेतले आणि त्यात कॉलिस्टिन ओतलं. तपासणीला कुणी आलं तर बॅसिट्रासिनच दिसेल. ते कातडीवरचं, साधं औषध, त्याकडे कोण बघतंय. कुठला डबा निवडायचा हे त्यांना चटकन सुचलं आणि कुठून सुचलं याचा त्या वेळी त्यांनी विचार केला नाही.

वनमालानं झाकण उघडलं तेव्हा तिला फरक जाणवला. आधीची पावडर मातकट असायची, ही पांढरी होती. तिनं विचारलं. आप्पा म्हणाले, "कंपनी बदलली, वैनी."

चार दिवसांत मर थांबली. वनमालानं गुळाची पोळी करून पाठवली. आप्पांनी ती खाल्ली.

दिवाळीला शिवकन्या आली तोवर आप्पांनी उरलेलं कॉलिस्टिनही तसंच भरून ठेवलं होतं. तिनं मागची खोली बघितली, जुने डबे दिसेनात. आप्पा म्हणाले, कंपनीला परत केले. ती खूश झाली. मैत्रिणींना सांगितलं, माझ्या वडिलांनी बंदीचं पालन केलं म्हणून. ते फोनवरचं बोलणं आप्पांच्या कानावर पडलं आणि पहिल्यांदा काहीतरी टोचलं. पण तोवर बाराही शेडांना त्या डब्यांची चटक लागली होती. 'ती पांढरी द्या' म्हणून मागायला लागले होते. मर नसली तरी मागायचे, होऊ नये म्हणून. दोन वर्षांत छत्तीस डबे गेले.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत वनमालाच्या पाठीत कळ आली. त्या भागातलं पाणी क्षारांचं, मुतखडा घरोघरी. तिनं आधी पानफुटीचा रस घेतला, मग जवळच्या दवाखान्यात पाच दिवस सलाईन. ताप हटेना. खडा नळीत अडकला होता आणि मागं साठलेल्या लघवीत जंतू माजले होते. सहाव्या दिवशी तिला थंडी वाजून शुद्ध हरपायला लागली, तेव्हा अर्जुनरावांनी गाडी करून तिला लातूरला हलवलं. शिवकन्या तोवर शिकून तिथल्याच एका खाजगी दवाखान्याच्या औषध विभागात नोकरीला लागली होती. तिच्या ओळखीनं लगेच खाट मिळाली.

आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. वनमाला अतिदक्षता विभागात होती. काचेतून तिचे फक्त पाय दिसले, चादरीबाहेर आलेले. टाचा भेगाळलेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी रक्ताचा आणि लघवीचा तपास आला. कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध मारतं, कुठलं मारत नाही, याचा तो कागद. अर्जुनरावांनी तो आप्पांच्या हातात दिला. गावातला औषधातला माणूस तोच, मग दुसऱ्या कुणाला दाखवणार?

"काय म्हणतंय बघा आप्पा. मला तर नुसतं इंग्रजी दिसतंय."

आप्पांनी चष्मा लावला. वर जंतूचं नाव होतं, ई कोलाय, पोटातला नेहमीचा जंतू. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढं एक अक्षर. बहुतेकांपुढं एकच अक्षर होतं, दाद देत नाही याचं. शेवटून तिसरी ओळ कॉलिस्टिनची. तिच्यापुढंही तेच.

आप्पांनी ती ओळ दोनदा वाचली. बोटानं रेघ धरून परत वाचली, म्हणजे वरच्या ओळीचं अक्षर खाली धरलं गेलं नसेल ना, म्हणून. मग कागदाची घडी केली आणि म्हणाले, डॉक्टर सांगतील.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी अर्जुनरावांना समजेल अशा शब्दांत सांगितलं, की नेहमीची औषधं चालणार नाहीत, शेवटचं म्हणून ठेवलेलंही चालणार नाही. दोन वेगळी औषधं एकत्र देऊन बघू. डावं मूत्रपिंड पुवानं भरलंय, ते बहुधा काढावं लागेल. अर्जुनराव सही करायला आत गेले. आप्पा मागं थांबले.

"डॉक्टरसाहेब, हे कोंबड्यांतून येतं का?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "येऊ शकतं. आधीच्या दवाखान्यातून येऊ शकतं. कुणाच्याही हातून, पाण्यातून येऊ शकतं. त्यांच्या आतड्यात वर्षभर आधीपासून बसलेलं असू शकतं. कुठून आलं हे आता कुणीच सांगू शकणार नाही." मग म्हणाले, "कावून विचारताय?"

त्या एका शब्दावरून कळलं, की डॉक्टरही इकडचेच. आप्पा म्हणाले, काही नाही, असंच.

दुसरा कुणी असता तर त्या उत्तरानं सुटल्यासारखं झालं असतं. आप्पांना ते उलटं बसलं. कुणी बोट दाखवलं असतं तर मान खाली घालता आली असती, भांडता आलं असतं. इथं बोट दाखवणारं कुणी नव्हतं आणि निर्दोष म्हणणारंही कुणी नव्हतं. वनमालाच्या शेडात दोन वर्षं काय गेलं ते त्या सगळ्या दवाखान्यात एकट्या त्यांना माहीत होतं.

शिवकन्याची ड्यूटी संपली तेव्हा ती खाली चहाच्या टपरीवर बापाजवळ येऊन बसली. तिनंही कागद बघितला होता. तिच्या मनात काय आलं असेल कोण जाणे, तिनं सरळ विचारलं, "आप्पा, तुम्ही ते डबे खरंच परत केले होते का?"

आप्पांनी सांगून टाकलं. मर लागली होती, लोक हवालदिल झाले होते, तेही सांगितलं. पण सांगताना त्यांनाच ते पोकळ वाटलं, कारण मर चार दिवसांत थांबली होती आणि डबे दोन वर्षं विकले होते. शेवटी बॅसिट्रासिनच्या डब्यांत भरल्याचं सांगितलं.

"कोणता डबा घ्यायचा हे तुम्हाला मीच शिकवलं," ती म्हणाली.

"तुझा काय दोष त्यात?"

"दोष म्हणत नाही मी. एवढंच म्हणते, मी शिकवलं ते तुम्ही असं वापरलं."

ती उठून वर गेली. आप्पांना स्वतःच्या बापाच्या मरणाला रडू आलं नव्हतं. त्या टपरीवर आलं. उपरणं तोंडाला लावून बसले.

वनमाला वाचली. डावं मूत्रपिंड गेलं, सव्वीस दिवस दवाखान्यात गेले, हाडांवर नुसती कातडी राहिली. पण वाचली. माणसं म्हणाली, बाईचं नशीब बलवत्तर. अर्जुनरावांनी गावभर सांगितलं, आप्पा आणि त्यांची पोरगी होती म्हणून निभावलं. पारावर लोक आप्पांना रामराम घालायचे तेव्हा ते वाट बदलून जायचे. पूजेला बसले की तळहातावरच्या लिंगाकडं बघवायचं नाही, डोळे मिटूनच उठायचे. महादेवीला त्यांनी सगळं सांगितलं होतं. तिनं शिव्या दिल्या नाहीत, रडलीही नाही. डाळीचे डबे फडताळातून काढून बाहेर ठेवले आणि म्हणाली, "जिला ते औषध दिलंत, तिला सांगून या. तोवर मला काही बोलू नका."

फाल्गुनात आप्पा अर्जुनरावांच्या घरी गेले. सकाळची वेळ होती. वनमाला ओसरीत बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. आप्पा खाली जमिनीवर बसले. ती म्हणाली, वर बसा. ते बसले नाहीत.

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. बंदी, चाळीस डबे, डब्यांची अदलाबदल, कंपनी बदलली म्हणून मारलेली थाप. दवाखान्यातल्या कागदावरची ती ओळ सांगितली. डॉक्टर काय म्हणाले तेही लपवलं नाही, की कुठून आलं ते कुणी सांगू शकत नाही.

अर्जुनराव मध्येच म्हणाले, "डॉक्टरच म्हणतो कुठून बी आलं असंल. मग तुमी कावून सोताच्या अंगावर घेता, आप्पा? आमची पिल्लं जगली न्हाई का त्या पावडरीनं?"

वनमालानं नवऱ्याकडं बघितलंच नाही. सुपातला हात थांबला होता.

"मागं जाळीनं माझा हात कापलता," ती म्हणाली. "तवा तुमी म्हणलता, ही बॅसिट्रासिन माणसाच्या जखमंला बी चालती. आठवतं?"

आप्पांना आठवलं. तेव्हा डब्यात खरंच बॅसिट्रासिन होतं. कोंबडीच्या खाद्यातली पावडर माणसाच्या जखमेवर लावायला सांगणं तसंही चूकच, पण सांगितलं होतं खरं.

"तवापून मी पायाच्या भेगांत तीच भरायची. त्या डब्यातली. रातच्याला भरायची अन् फडकं बांधून निजायची. सासूबाईच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्यालत्या, त्यांना बी लावली. लेबल वाचून लावली." ती थांबली. दम लागत होता तिला अजून. "जंतू कुठून आला मला म्हाईत न्हाई. तुमाला बी न्हाई. पर डब्यात काय हाय ते तुमाला ठावं होतं अन् मला न्हवतं. बंदीची दवा हाय म्हणून सांगितलं असतं तरी मी घेतली असती, आप्पा, खोटं कशाला बोलू, पिल्लं मरत होती. पर हात तरी धुतले असते."

आप्पांनी हात जोडले.

"हात नका जोडू," ती म्हणाली. "मी काय म्हणू मग? असू द्या म्हणू? मला न्हाई म्हणता यायचं."

ती परत तांदूळ निवडायला लागली. आप्पा उठले.

त्याच आठवड्यात ते उरलेले चार डबे पिशवीत घालून बीडला गेले आणि औषध खात्याच्या कचेरीत स्वतःच्या अक्षरातला अर्ज दिला. तिथल्या साहेबांना आधी समजेना. तक्रार कुणाची आहे म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. आप्पा म्हणाले, माझीच, माझ्यावर. मग चौकशी झाली, तारखा झाल्या आणि पुढच्या वर्षी परवाना रद्द झाला. दुकानात आता औषध नाही. खाद्य, पाण्याची भांडी, चुना, दोऱ्या, घागरमाळा एवढंच आहे.

बाकीच्या अकरा शेडांवर आप्पा एकेक करून गेले. प्रत्येकाला तेच सांगितलं आणि दवा न देता काय करायचं तेही सांगितलं. शेडात खाली पसरलेलं तूस कोरडं ठेवा, पाण्याच्या नळ्या घासा, गर्दी कमी करा, लस चुकवू नका, शेडातून आलं की साबणानं हात धुवा. कुणी ऐकून घेतलं, कुणी 'आता सांगून काय उपेग' म्हणालं. रामहरी नावाचा एक जण सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या आप्पा. पर तसली अजून हाय का कुठं? तीच लागू पडती बगा." आप्पा त्या दिवशी तिथून निघाले नाहीत. दुपारपर्यंत त्याच्या शेडात बसून त्याला जंतूची सवय कशी लागते ते सांगत राहिले, लेकीनं सांगितलं होतं त्याच शब्दांत. त्याला किती पटलं ते आजही त्यांना माहीत नाही. महिन्यातून एकदा जाऊन विचारतात.

शिवकन्या वर्षभर घरी कमी यायची. यायची तेव्हा आईशी बोलायची. मग हळूहळू फोनवर बापाचीही चौकशी करायला लागली, पण औषधाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

तिचं लग्न दोन हजार चोवीसच्या वैशाखात वडगावातच झालं. अर्जुनराव मांडव घालण्यापासून राबत होते. वनमाला येईल की नाही, आप्पांना शंका होती. विणलेल्या काठाची जांभळी साडी नेसून ती आली, शिवकन्याच्या तोंडावरून हात फिरवला, महादेवीजवळ बसली. दोन वर्षांत ती आप्पांशी एक शब्द बोलली नव्हती. कोंबड्यांचं खाद्यही केजहून मागवायची.

बायकांच्या पंगतीला आप्पा वरणाची बादली घेऊन वाढत होते. वाढत वाढत तिच्या पानापुढं आले. मान वर करायचा धीर होईना, नुसती पळी पुढं केली.

"थोडंच वाढा," वनमाला म्हणाली. "डॉक्टरनं मला मीठ कमी सांगितलंय."

आप्पांनी पळी मागं घेतली. बादली खाली ठेवली आणि आत जाऊन आचाऱ्याला विचारलं, अजून मीठ न घातलेलं वरण कुठं उरलंय का. एका पातेल्यात तळाशी होतं. ते वाटीत घेऊन बाहेर आले, तिच्या पानात वाढलं आणि पुढच्या पानाकडं सरकले.